हा प्रश्न इथला आहे का?

नववीच्या वर्गात उत्कलनबिंदूचा पाठ चालू आहे असे समजा. ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे वाक्य फळ्यावर लिहून झाले आहे. एक मुलगा उभा राहतो आणि विचारतो, “सर, महाबळेश्वरलासुद्धा १००लाच उकळते का?” त्याच्या मागचा विचारतो, “तिथे डाळ शिजायला जास्त वेळ लागतो म्हणतात, ते खरे आहे का?” महाबळेश्वरचे नाव निघालेच आहे म्हणून एक मुलगी विचारते, “सर, मग स्ट्रॉबेरी तिथेच का पिकते?”

वर्ग हसतो. तास संपायला थोडाच वेळ उरलेला असतो. अशा वेळी आपल्या तोंडून सहज निघून जाते, “विषयाला धरून बोला.” पण या तीन प्रश्नांपैकी विषयाला धरून कोणता आणि विषय सोडून कोणता? ते ठरवायचे कशावरून? पाठ्यपुस्तकात ती गोष्ट छापली आहे की नाही यावरून, की आपल्याला उत्तर येते की नाही यावरून?

या प्रश्नाचा विचार शिक्षकांइतकाच आणखी एका मंडळींना करावा लागला. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका चर्चागटात ‘हा प्रश्न इथला आहे का’ यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो उघड आणि लेखी चालला, त्यामुळे त्यातून पुष्कळ शिकता येते. त्या गटाची हकिकत पाहू आणि मग पुन्हा आपल्या वर्गात येऊ.

फोनवरून फिरणारी पत्रे

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली. एका संगणकाने दुसऱ्याला टेलिफोन लावायचा आणि आपल्याकडची नवी पत्रे त्याच्याकडे पोचवायची. दुसऱ्याने ती तिसऱ्याकडे न्यायची. अशा रीतीने एका ठिकाणी लिहिलेले पत्र हळूहळू सगळीकडे पोचेल. या व्यवस्थेचे नाव युजनेट. आज आपल्या ओळखीचे असलेले इंटरनेट तेव्हा घरोघर तर सोडाच, बहुतेक विद्यापीठांतही नव्हते.

या व्यवस्थेत मध्यवर्ती संपादक नव्हता. कोणीही लिहावे आणि ते सर्वांकडे जावे. पण पत्र लिहिणाऱ्याला फुकट वाटले तरी त्याचा खर्च कोणाला तरी पडतच होता. प्रत्येक पत्राची प्रत शेकडो आणि पुढे हजारो संगणकांवर साठवली जाई. फोनचे बिल त्या त्या संस्थेला येई. वाचणाऱ्यांचा वेळ जाई तो वेगळाच. म्हणून पत्रांची विषयवार विभागणी करणे भाग पडले. पोस्टात टपाल गावांनुसार खणांत टाकतात, तसेच हे.

पत्रे वाढत गेली तसे खणही वाढले. १९८६-८७मध्ये सगळ्या खणांची नव्याने मांडणी झाली आणि सात मोठे विभाग पाडण्यात आले: संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, वादविवाद, युजनेटचाच कारभार आणि संकीर्ण. पुढे या विभागांत नवा गट काढायचा तर त्याची रीत ठरली. प्रस्ताव मांडायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग मते घ्यायची. होकाराची मते एकूण मतांच्या किमान दोन तृतीयांश आणि नकाराच्या मतांपेक्षा किमान १००ने जास्त हवीत. प्रस्तावाबरोबर ‘या गटात काय बोलायचे’ हे सांगणारी एक सनदही लिहावी लागे.

आपण ज्या गटाविषयी बोलणार आहोत त्याचे नाव ‘कॉम्प.लँग.सी’, म्हणजे संगणक विभागातील, भाषा या पोटविभागातील, सी या भाषेचा गट. हा गट सनद लिहिण्याची रीत पडण्याच्या आधीचा. त्यामुळे त्याला लेखी सनदच नव्हती. इथे काय बोलायचे हे बोलणाऱ्यांनीच ठरवायचे होते.

भाषेची हद्द

सी ही भाषा बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास तयार केली. १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक आले आणि बरीच वर्षे तेच प्रमाण मानले गेले. परंतु निरनिराळ्या कंपन्यांचे कंपाइलर, म्हणजे सी भाषेतील मजकूर यंत्राच्या भाषेत नेणारे प्रोग्रॅम, आपापल्या सोयीने भाषेत भर घालू लागले. तेव्हा १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर सी भाषेचे मानक निश्चित करण्यात आले. सी म्हणजे काय आणि काय नाही, हे सांगणारा हा दस्तऐवज. १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ साली त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या.

कॉम्प.लँग.सी गटातील जुन्या मंडळींनी हे मानक हेच गटाचे कुंपण मानले. मानकात ज्याचे उत्तर सापडते तो प्रश्न इथला. ज्याचे उत्तर यंत्रावर, कार्यप्रणालीवर किंवा विशिष्ट कंपाइलरवर अवलंबून आहे, तो दुसऱ्या गटाचा. डॉस, युनिक्स, आलेखन या सगळ्यांसाठी स्वतंत्र गट होतेच.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात काय होई ते पाहू.

पडदा कसा पुसायचा?

या गटात नवख्या माणसाकडून पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न असा: “सी भाषेत पडदा कसा पुसायचा?” आणि त्याला मिळणारे ठरलेले उत्तर असे: “हा सी भाषेचा प्रश्न नाही.”

विचारणारा चक्रावून जाई. तो सी शिकत होता, प्रोग्रॅम सीमध्ये लिहीत होता आणि त्यातूनच त्याला पडदा पुसायचा होता. मग हा प्रश्न सीचा कसा नाही?

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत शिकलेल्यांना हा गोंधळ चांगला परिचयाचा असेल. आपल्याकडे सी शिकवले गेले ते मुख्यतः बोर्लंड कंपनीच्या ‘टर्बो सी’वर, तेही डॉसच्या निळ्या पडद्यावर. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘कॉनिओ’ ही फाइल जोडायची, ‘व्हॉइड मेन’ लिहायचे, लगेच ‘क्लरस्क्र’ लिहून पडदा पुसायचा आणि शेवटी ‘गेटसीएच’ लिहून पडदा थोपवून धरायचा. मुलांनी हे पाढ्यासारखे पाठ केले. परीक्षेत तसेच लिहिले आणि गुणही मिळवले. यातले ‘कॉनिओ’, ‘क्लरस्क्र’ आणि ‘गेटसीएच’ हे प्रमाण सी भाषेत नाहीत. ती टर्बो सीची स्वतःची सोय आहे. ‘व्हॉइड मेन’लाही मानकाची हमी नाही. सर्वत्र चालणारे रूप ‘इंट मेन’ हे आहे. हीच मुले पुढे लिनक्सवर बसली तेव्हा तिथला कंपाइलर ‘कॉनिओ’च्या ओळीवरच अडला. आपण शिकलो ती भाषा आणि एका कंपनीचे उत्पादन यांत फरक आहे, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

खरे तर सी भाषेला पडदा ही वस्तू माहीतच नाही. ‘प्रिंटएफ’ लिहिले की अक्षरे एकामागून एक बाहेर सोडली जातात, एवढेच ती जाणते. नळातून पाणी सोडावे तसे हे आहे. पाणी बादलीत पडते, बागेत जाते की गटारात, हे नळाला कळत नाही. ही अक्षरे पडद्यावर उमटतील, छपाईयंत्राकडे जातील किंवा एखाद्या फाइलमध्ये साठतील. कपडे धुण्याच्या यंत्रातील छोट्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅमही सीमध्येच लिहिलेला असू शकतो. तिथे पडदा नसतोच, मग पुसायचे काय?

म्हणजे ‘हा सीचा प्रश्न नाही’ या रूक्ष वाटणाऱ्या उत्तरात एक मोठा धडा होता. प्रश्न विचारणाऱ्याला तो धडा हवा होता, मात्र बहुतेक वेळा मिळे ते नुसते वाक्य.

चूक ओळखणारे कोण?

पण इतका काटेकोरपणा कशासाठी? गटातल्या कोणाला तरी टर्बो सी येत असणार. त्याने एका ओळीत उत्तर दिले असते तर काय बिघडले असते?

यावर जुन्या मंडळींचा युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. समजा, पडदा पुसण्याच्या प्रश्नाला पाच उत्तरे आली. एक टर्बो सीचे, एक युनिक्सचे, एक विंडोजचे आणि दोन चुकीची. हा गट सी भाषेच्या जाणकारांचा. डॉसचे किंवा युनिक्सचे जाणकार इथे असतीलच असे नाही, आणि असले तरी ते थोडे. मग ती दोन चुकीची उत्तरे चुकीची आहेत हे सांगणार कोण? विचारणारा तर ओळखू शकत नाही; ओळखू शकला असता तर त्याने विचारलेच नसते. उलट सी भाषेविषयी कोणी चुकीचे लिहिले तर तासाभरात दहा जण ती चूक दाखवतील आणि मानकातले कलमही पुढे करतील.

म्हणून ‘हा प्रश्न इथला आहे का’ याचा अर्थ असा घ्यायचा: या प्रश्नाला चुकीचे उत्तर मिळाले तर ते चुकीचे आहे हे इथे जमलेल्यांपैकी कोणाला तरी कळेल का? कळणार असेल तर प्रश्न इथला. प्रश्न रंजक आहे की नाही, सोपा आहे की अवघड, विचारणारा नवखा आहे की जाणता, या गोष्टींचा हद्दीशी संबंध नाही.

कुंपणावरचे प्रश्न

ही कसोटी लावून दोन उदाहरणे पाहू. वरवर पाहता दोन्ही यंत्राविषयीची वाटतात.

पहिले उदाहरण क्रमगुणिताचे. १ × २ × ३ × ४ असा गुणाकार पुढे वाढवत नेण्याचा प्रोग्रॅम मुलांना हमखास देतात. ७पर्यंतचा गुणाकार ५०४० येतो. ८पर्यंतचा ४०३२० यायला हवा, पण टर्बो सीवर तो उणे २५२१६ असा येतो! धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा? हा टर्बो सीचा दोष म्हणावा की सीचा प्रश्न?

टर्बो सीमध्ये ‘इंट’ प्रकारच्या संख्येला १६ बिट मिळतात. त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ४०३२० त्यात मावत नाहीत; त्यातून ६५५३६ वजा होऊन उरलेली संख्या दिसते. आजच्या बहुतेक संगणकांवर ‘इंट’ ३२ बिटांचा असतो. तिथे १२पर्यंतचा गुणाकार, ४७,९०,०१,६००, व्यवस्थित येतो आणि गोंधळ १३ला होतो. म्हणजे गोंधळ कुठे होणार हे यंत्राप्रमाणे बदलते. तरीही हा प्रश्न पूर्णपणे सी भाषेचा आहे. कारण ‘इंट’मध्ये किमान ३२७६७पर्यंतच्या संख्या मावल्या पाहिजेत, एवढीच हमी मानक देते. त्यापुढचे कंपाइलरने ठरवावे आणि लिहून ठेवावे. मर्यादा ओलांडली तर काय होईल याची मात्र मानक कसलीच हमी देत नाही. हे उत्तर मानकात आहे आणि ते तपासता येते.

दुसरे उदाहरण छोटे पण गमतीचे आहे. ‘क’ची किंमत ५ असताना ‘क = क++;’ असे लिहिले तर शेवटी ‘क’ किती? क++ याचा अर्थ, ‘क’ची जुनी किंमत वापरा आणि ‘क’ १ने वाढवा. जुनी किंमत ५, ती ‘क’मध्ये ठेवायची. पण वाढवायचे कधी, ठेवण्याआधी की ठेवल्यावर? एक कंपाइलर ५ देईल, दुसरा ६. आमच्या यंत्रावर ५ आले आणि मित्राच्या यंत्रावर ६, तर बरोबर कोण?

सी भाषेचे उत्तर असे की प्रश्नच चुकीचा लिहिला आहे. एकाच विधानात ‘क’ दोनदा बदलला आहे आणि आधी कोणता बदल व्हावा हे ठरलेले नाही. अशा विधानाचे वर्तन ‘अव्याख्यात’ आहे असे मानक म्हणते. म्हणजे काहीही झाले तरी कंपाइलरला दोष देता येत नाही. १९९२ साली मानकाविषयीच्या शेजारच्या गटात यावर एक विनोद झाला. अशा विधानामुळे तुमच्या नाकातून भुते बाहेर पडली तरी ते मानकाला धरूनच असेल! सी जाणणाऱ्यांत ‘नाकातली भुते’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ आहे.

आता एक बारकावा. ‘या विधानाचा अर्थ काय’ हा प्रश्न गटातला. ‘माझ्या कंपाइलरने ५च का दिले’ हा त्या कंपाइलरच्या घरचा. विधान तेच, विचारणाराही तोच, फक्त प्रश्नाचे तोंड फिरले. प्रश्न विषयाबाहेर गेला असे वाटते तेव्हा पुष्कळदा तो थोडा फिरवून विचारला की आत येतो. जाणत्याचे खरे काम हे फिरवून दाखविण्याचे.

आणि विषयाला धरून असूनही न चालणारे प्रश्नही असतातच. “हा प्रोग्रॅम उद्यापर्यंत लिहून द्या” अशी पत्रे त्या गटात येत. विषय सी भाषेचाच असे, पण ते गृहपाठाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे झाले. ‘इथले’ आणि ‘योग्य’ हे दोन वेगळे निकष आहेत. त्यांची गल्लत करू नये.

कुंपणाची किंमत

आतापर्यंतच्या वर्णनावरून या मंडळींचे सगळेच बरोबर होते असे वाटेल. तसे नव्हते. दर वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, पहिल्यांदाच युजनेट पाहत आणि नको तिथे नको ते विचारत. महिना-दीड महिन्यात ते रुळत. १९९३पासून मात्र घरबसल्या जोडले जाणाऱ्यांची रीघ लागली आणि नवख्यांचा ओघ थांबेनासा झाला. ‘कधीच न संपणारा सप्टेंबर’ असे त्या काळाला नाव पडले. या ओघापुढे जुन्यांचा धीर सुटू लागला. “विषयाबाहेर” एवढाच शब्द लिहून ते मोकळे होत. मग कोणी दुसरा त्या उद्धटपणावर आक्षेप घेई, तिसरा बाजू घेई आणि विषय कोणता यावरची चर्चाच मूळ विषयापेक्षा लांबे. पडदा पुसण्याचे उत्तर दोन ओळींचे. ते का द्यायचे नाही यावर भांडण मात्र कित्येक पत्रांचे.

यातून एक चांगला मार्गही निघाला. स्टीव्ह समिट यांनी १९९०पासून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून गटात नियमाने द्यायला सुरुवात केली. १९९५ साली त्यांचे पुस्तक निघाले. पडदा पुसणे, एंटर न दाबता अक्षर वाचणे हे हद्दीबाहेरचे प्रश्नही त्यात आहेत. त्यांना ‘यंत्रणेवर अवलंबून असलेल्या गोष्टी’ असे वेगळे प्रकरणच दिले आहे. प्रश्न सीच्या बाहेरचा का, हे आधी सांगितले आहे आणि मग कुठे शोधावे याचा मार्ग दाखविला आहे. कुंपण तसेच राहिले, पण त्याला एक दार आले.

२००८ साली सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने हद्दीचा नियम आणखी कडक केला. तिथे हद्दीबाहेरचा प्रश्न वाचकांच्या मतांनी बंद केला जातो. ‘कोणती भाषा सर्वांत चांगली’ यासारखा, ज्याचे उत्तर केवळ मतावर अवलंबून आहे असा प्रश्नही बंद होतो. नेमक्या प्रश्नांची नेमकी उत्तरे तिथे मोठ्या प्रमाणावर साठली, पण पहिलाच प्रश्न बंद झाल्याने नवखे दुखावतात ही तक्रारही तिथे कायम राहिली. युजनेटची वर्दळ आता फार थोडी उरली आहे. २०२४च्या फेब्रुवारीत गूगलनेही तिथली नवी पत्रे आपल्या सेवेतून देणे थांबवले. हद्दीचा प्रश्न मात्र जिथे जिथे माणसे एकत्र बसून शिकतात तिथे तिथे आहेच.

पुन्हा वर्गात

आता ते तीन प्रश्न पाहू.

“महाबळेश्वरलासुद्धा १००लाच का?” हा प्रश्न पाठ सोडून नाही, तो पाठाच्या गाभ्यातला आहे. ‘१०० अंश’ हे वाक्य समुद्रसपाटीवरील प्रमाण वातावरणीय दाबाला खरे आहे. सुमारे १३७० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण ९५ ते ९६ अंशांनाच उकळते. फळ्यावरच्या वाक्यात ‘प्रमाण दाबाला’ हे शब्द राहून गेले होते आणि मुलाने नेमके त्यावरच बोट ठेवले. टर्बो सीलाच सी मानावे तशी चूक आपल्याकडूनही झाली होती.

डाळीचा प्रश्न थोडा फिरवला की आत येतो. पाणीच कमी तापमानाला उकळले तर त्यात डाळ त्याहून जास्त तापणार नाही, म्हणून वेळ लागतो. प्रेशर कुकर दाब वाढवून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापू देतो, म्हणून डाळ लवकर शिजते. डाळीच्या चवीबद्दल मात्र विज्ञानाच्या तासाला काही सांगता येणार नाही.

स्ट्रॉबेरीचा प्रश्न चांगला आहे, पण या तासाला आपण काहीही सांगितले तरी ते चूक की बरोबर हे वर्गात कोणी ओळखणार नाही. हवामान, माती आणि लागवडीचा इतिहास जाणणाऱ्याकडे तो न्यायला हवा. तेव्हा “विषयाला धरून बोल” असे म्हणण्याऐवजी “हा प्रश्न भूगोलाच्या बाईंना विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते उद्या आम्हालाही सांग” असे म्हणावे. प्रश्न गेला, पण मुलगी वर्गातच राहिली.

करून पाहण्याजोगे: वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि त्यावर तीन रकाने आखा: ‘इथला’, ‘शेजारचा’ आणि ‘फिरवून विचारू या’. महिनाभर तासाला निघालेला प्रत्येक प्रश्न मुलांनीच चर्चा करून योग्य रकान्यात लिहावा. ‘शेजारचा’ असेल तर कोणाकडे जायचे तेही लिहावे. ‘विषयाबाहेर’ असा चौथा रकाना आखू नका. महिन्याच्या शेवटी ‘फिरवून विचारू या’ या रकान्यातले किती प्रश्न ‘इथला’मध्ये सरकले ते मोजा. आणि एखाद्या प्रश्नाला दोन रकान्यांतून ओढाताण झाली, तर त्या दिवशी धड्याचे एक पान कमी झाले तरी चालेल.